वरच्या तळ्यातली ठिपकी

१

तळ्याच्या काठावर पांढरी बादली होती, बादलीत मेलेले मासे होते, आणि तळ्यात टिटवी होती.

टिटवी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी मनासारखं झालं नाही की ती अशा आवाजात भांडायची की मावशीनेच ते नाव पाडलं. मोठेपणी ती नदीतल्या माशांचा अभ्यास करायला लागली आणि भांडायला तिला एक अख्खा वीजप्रकल्प मिळाला.

प्रकल्पाची रचना तशी सोपी होती. खाली नदी अडवून केलेलं एक तळं, वर डोंगरमाथा कोरून केलेलं दुसरं, आणि दोन्हींना जोडणारा मोठा पाइप डोंगराच्या पोटातून गेलेला. रात्री वीज स्वस्त असली की खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि दिवसा मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. वरच्या तळ्याला ना झरा ना ओढा. तळाला आणि उतारांना काळं जाड प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर हिरवं शेवाळ चढलेलं. त्यात माणूस पडला तर बाहेर यायला सुटकेच्या शिड्या होत्या, पण त्या नकाशावर. तळ्यावर कुणी लावल्या नव्हत्या.

आता प्रकल्पाचा दुसरा टप्पा यायचा होता. शेजारची नदीही बोगद्याने खालच्या तळ्यात वळवायची होती. टिटवीचं म्हणणं होतं की अडवलेल्या नदीत ठिपकी अजून जिवंत आहे. ठिपकी म्हणजे अंगावर तपकिरी ठिपके असलेला मासा, एके काळी इथे ढिगाने मिळायचा. ती सापडली तर दुसरा टप्पा थांबला असता. कंपनीच्या अहवालात मात्र स्पष्ट लिहिलं होतं की ठिपकी इथून कधीच संपली, फक्त पलीकडच्या खोऱ्यात उरली आहे.

जनसुनावणी आठवड्यावर आली असताना टिटवी वरच्या तळ्यात बुडाली. दुसऱ्या दिवशी पेपरात कंपनीचं निवेदन आलं, अगदी साखरेच्या पाकात घोळून. 'संशोधक तरुणी पलीकडच्या खोऱ्यातून आणलेले मासे आमच्या तळ्यात सोडत असताना पाय घसरून दुर्दैवी अंत.' थोडक्यात, मेली ती मेली, वर लबाडही ठरली.

मावशी पोलिसांच्या गुन्हे शाखेतून निवृत्त झालेली. तिथले हवालदारसुद्धा तिला मावशीच म्हणायचे, आणि आरोपी तर पहिल्या दिवसापासून. आता गुडघे बोलायला लागले होते आणि जिभेला मात्र निवृत्ती ठाऊक नव्हती. ती बहिणीकडे पोचली तेव्हा ताई टिटवीचे कपडे घडी घालत बसली होती. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

"पोलिसांनी अपघात लिहून घेतलाय," ताई म्हणाली. "असेल. पाय घसरला असेल माझ्या पोरीचा. पण ती लबाड होती का? तेवढंच मला शोधून दे. बाकी काही नको."

दारात धाकटा उभा होता, टिटवीचा भाऊ. प्रकल्पातच नोकरीला, डोंगराच्या पोटातल्या यंत्रघरात. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"शोधते," मावशी म्हणाली.

बोलून गेली खरी, पण जिना उतरताना तिच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. पोरगी खरी असेल, तर ते मासे डोंगर चढून गेले कसे?

२

"मासे डोंगर चढत नाहीत, मावशी," मोठे साहेब म्हणाले.

मोठे साहेब म्हणजे प्रकल्पाचे मुख्य अभियंते. त्यांच्या खोलीत काचेखाली प्रकल्पाची प्रतिकृती होती. निळ्या रंगाची दोन तळी, हिरवा लाकडी भुसा चिकटवलेला डोंगर, आणि एवढीशी माणसं. दुसऱ्या टप्प्याचा बोगदा आधीच रंगवून ठेवला होता.

"नदीतून पाणी आत घेतो तिथे जाळी आहे. मोठा मासा आत जातच नाही. गेलाच तर पंपाच्या पात्यांत त्याचं काय होईल ते तुमच्यासमोर सांगत नाही. आणि वरच्या तळ्यात ठिपकी सापडते, तीही तुमच्या भाचीच्या बादलीत. आता तुम्हीच सांगा."

"तुमचा फायदा झाला म्हणायचा."

साहेबांचा चेहरा उतरला. "तिने मला या खोलीत तासभर सुनावलं होतं. मी म्हटलं, 'बाई गं, टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात, तू एक तळं तरी सोड.' तर हसली. आवडायची मला ती. फायदा झाला, हे खोटं नाही. पण असा नको होता."

मावशीने अशी वाक्यं नोकरीत पुष्कळ ऐकली होती. निम्मी खरी निघायची. "त्या सकाळी नेमकं काय झालं?"

"पहाटे पंप थांबतात. तळं काठोकाठ भरतं, मग सकाळभर सगळं शांत असतं. त्या दिवशी मात्र विजेची मागणी अचानक आली आणि यंत्र लवकर सुरू करावं लागलं. नियमाप्रमाणे आधी वरच्या तळ्यावरचा भोंगा वाजवतात, मगच पाणी सोडतात. ती तिथे आहे हे कुणाला माहीत असणार? दैव बघा, यंत्रावर तिचाच भाऊ होता. पोराला आयुष्यभर ते टोचत राहणार."

बादली त्यांच्या कपाटात ठेवली होती. पोलिसांनी फोटो काढून परत दिली होती. मावशीने ती टेबलावर घेतली आणि चष्मा पुसून गोल फिरवून पाहिली. तीन बाजू स्वच्छ होत्या. चौथीवर तळापासून काठापर्यंत उभे ओरखडे आणि त्यात वाळलेलं हिरवं शेवाळ.

"काठावर शेवाळ असतं का हो?"

"छे. काठाला काँक्रीट आहे, रोज झाडतात. शेवाळ उतारावर."

"म्हणजे ही बादली उतारावरून घासत आली. खालून वर."

साहेब बादलीकडे बघत राहिले. मासे पाण्यात सोडायचे तर बादली उलटी केली की काम झालं, ती उतारावर घासेल कशाला? घासते ती पाण्यातून वर ओढताना. टिटवी मासे सोडायला गेलीच नव्हती. ती मासे काढायला गेली होती.

"आणि वर ओढायला दोरी लागते," मावशी म्हणाली. "पोलिसांच्या फोटोत दोरी आहे?"

साहेबांनी कंपनीकडे आलेल्या फोटोंच्या प्रती समोर ठेवल्या. बादली होती, टिटवीच्या चपला होत्या, तिच्या मनगटात अडकलेली छोटी हातजाळी होती. दोरी कुठेच नव्हती.

३

टिटवीचे मार्गदर्शक सर प्रयोगशाळेत एकटेच बसले होते. सगळीकडे बरण्या, बरण्यांत मासे, आणि औषधाचा उग्र वास. ठिपकी संपल्याच्या अहवालावर सही यांचीच होती. कंपनीने अभ्यास यांच्याकडूनच करून घेतला होता.

"तिने मला फोन केला होता," त्यांनी न विचारताच सांगितलं. "'सर, ठिपकी आहे. वरच्या तळ्यात आहे.' मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस. फोन ठेवला. तिचं माझं तेच शेवटचं बोलणं."

"बादलीतले मासे कुठे आहेत?"

पोलिसांनी मासे ओळखायला त्यांच्याकडेच पाठवले होते. त्यांनी बरणी पुढे सरकवली. मावशीने उजेडात धरली. इवलेसे मासे, पोटावर ठिपके, तोंडं उघडी.

"एवढेच असतात ठिपक्या?"

"नाही. पूर्ण वाढ झालेली ठिपकी तळहाताहून मोठी. त्याला चार-पाच वर्षं लागतात."

"मग पलीकडच्या खोऱ्यात जाळं टाकलं असतं तर मोठ्याही आल्या असत्या."

"लहान, मोठ्या, म्हाताऱ्या, सगळ्या आल्या असत्या." सर खिडकीकडे बघत बोलत होते. "यात दोनच मापं आहेत. बोटाच्या पेराएवढी आणि बोटाएवढी. एक यंदाची पिल्लं, एक गेल्या वर्षीची. त्याहून मोठं एकही नाही."

"प्रकल्प सुरू होऊन किती वर्षं झाली?"

"दोन वर्षं."

मावशीने बरणी हळूच खाली ठेवली. सर आता लहान मुलासारखे रडत होते.

"मासा पंपातून जिवंत जात नाही. पण ठिपकीचं अंडं मोहरीएवढं असतं. हजारो अंडी पाण्याबरोबर वर ओढली जात असतील, त्यातली बहुतेक चिरडत असतील. थोडी वाचली आणि वर जन्मली. ज्या तळ्याला झराच नाही तिथे पिल्लं आहेत, याचा अर्थ खाली नदीत आया आहेत. संगमाच्या खडकांत असतील, तिथे आमचं जाळं पोचतच नाही. आम्ही टाकलं होतं धरणाच्या भिंतीशी, होडी लावायला सोयीचं म्हणून. आणि खालचं तळं रोज वरखाली होतं, काठावर घातलेली अंडी उन्हात उघडी पडतात. दुसरी नदीही घेतली तर हे वरखाली आणखी वाढेल, उरलेल्याही संपतील. पोरीने एका तळ्यात अख्खी नदी वाचली होती."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मासे ओळीने मांडले तेव्हाच."

"आणि तोंड मिटून बसलात."

मावशीच्या जिभेवर चांगलं झणझणीत काहीतरी आलं होतं, पण तिने ते गिळलं. या माणसाला आता कुणी बोलायची गरज उरली नव्हती.

ताईला द्यायचं उत्तर मिळालं होतं. पोरगी खरी होती. इथेच थांबावं असं मावशीला वाटलं, आणि नंतर किती वेळा वाटलं की थांबायला हवं होतं. पण दोरी तिला सोडत नव्हती.

दोरी कुणी नेली? कंपनीच्या माणसाने पुरावा लपवला म्हणावं, तर त्याने आधी मासे पाण्यात ओतले असते. सरांनी केलं म्हणावं, तर तेही तसंच. दोरी नेणाऱ्याने बादलीला हात लावला नव्हता. म्हणजे त्याला माशांची भीती नव्हती. त्याला भीती होती ती दोरीची.

४

वरच्या तळ्यावर वारा असा होता की पदर धरावा की छत्री, असा प्रश्न पडावा. पहारेकरी मावशीच्या मागे मागे चालत होता. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली होती. नोकरी जाणार असं त्याने मनात पक्कं धरलं होतं.

"माझ्या फाटकातून ती आलीच नाही, बाई. आईशप्पथ. आली असती तर मी सोडली असती का?"

"मग आली कुठून?"

त्याने तळ्याच्या पलीकडच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे जमिनीतून वर आल्यासारखी लोखंडी दाराची एक खोली होती. "तो यंत्रघरातून वर येणारा जिना. त्याची किल्ली खाली असते, यंत्रघरातल्यांकडे. मला कधी देतच नाहीत."

टिटवीच्या चपला होत्या ती जागा त्या दाराच्या समोरच होती. मावशी कठड्यापाशी कशीबशी वाकली. एका खांबाचा रंग बुडाशी ताजा ताजा खरवडला होता. दोरी इथेच बांधलेली होती.

खाली पाणी लांब होतं. काळा उतार ओला, चकचकीत, घसरगुंडीसारखा. मावशीने एक खडा सोडला, तो कुठेही न अडता पाण्यात गेला.

"तुला ती दिसली तेव्हा पाणी इतकंच होतं?"

"याहून खाली. अर्धं तळं रिकामं झालं होतं. एरवी त्या वेळी काठाशी असतं, हात घातला की लागतं."

दोरी धरून जाळीने मासे टिपायला पोरगी उतरली, घसरली, पाण्यात गेली. पाणी काठाशी राहिलं असतं तर दोरीचं टोक तिच्या हाताशीच होतं. पण पाणी उतरत गेलं आणि तिला सोबत खाली नेत गेलं. दोरी तिथेच राहिली. पोहणाऱ्या माणसाने त्या उतारावर किती वेळ नखं घासायची?

"भोंगा ऐकलास?"

"ऐकला ना. मी खोपटात चहा टाकला होता. भोंगा झाला, आणि जरा वेळाने पुन्हा झाला. म्हटलं, बिघडला वाटतं. एरवी एकदाच होतो."

मावशी थांबली.

"दोनदा झाला?"

"हो. दुसरा तर किती वेळ चालला होता. मग मी फेरीला निघालो तर..." त्याने मान फिरवली. "मी खाली फोन केला. तिचा भाऊ, धाकटे साहेबच पहिले वर आले, त्या जिन्यातून. असा हंबरडा फोडला पोराने की मला ऐकवेना. मग मला म्हणाले, 'धाव, गाडी आण.' मी धावलो. गाडी घेऊन येईस्तोवर ते एकटेच होते इथे."

नियमाला एक भोंगा पुरतो. दुसरा भोंगा माणूस वाजवतो तो तळ्यावर कुणीतरी आहे हे ठाऊक असेल तरच. ज्याच्याकडे जिन्याची किल्ली आहे तो. ज्याला दोरीपाशी एकटं राहायला मिळालं तो.

मावशी काठाच्या भिंतीवर बसली. पहारेकऱ्याने पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं, पण पिता आलं नाही. ज्या पोराला तिने कडेवर खेळवलं होतं, त्याचं नाव आता तिलाच उच्चारायचं होतं.

५

धाकटा टिटवीच्या खोलीत तिच्या जाळ्या गुंडाळत बसला होता. दुपारची वेळ होती. ताई स्वयंपाकघरात भांडी लावत होती.

मावशीने चौकशीत आयुष्य घालवलं होतं. माणसाला बोलतं कसं करायचं, कोपऱ्यात कसं घ्यायचं, सगळं तिला येत होतं. त्यातलं तिने काहीच वापरलं नाही. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "भोंगा दोनदा का वाजवलास रे?"

त्याच्या हातातली जाळी खाली पडली.

"पहिला नियमाचा," तो म्हणाला. "दुसरा तिच्यासाठी."

मग ते सगळं बाहेर आलं. वरच्या तळ्यात पाइपच्या तोंडाच्या जाळीशी ठिपके असलेली पिल्लं दिसतात, हे तिला त्यानेच सांगितलं होतं, जेवताना, गंमत म्हणून. तिचा घास हातात तसाच राहिला होता. मग रोज मागे लागली. 'एकदाच आत सोड. सुनावणीच्या आधी मला दोन मासे जिवंत हवेत.' शेवटी त्याने किल्ली दिली, यंत्रघरातली दोरीही दिली. सकाळी यंत्र बंद असतं, भोंगा झाला तर मात्र ताबडतोब वर ये, असं बजावलं.

"आणि मग फोन आला. वीज हवी, लगेच. विचारलं, तयार आहात का?"

"तू काय म्हणालास?"

"तयार आहोत."

"थांबवता आलं असतं?"

"आलं असतं. तळ्यावर माणूस आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग विचारलं असतं, कोण माणूस, किल्ली कुणी दिली. नोकरी गेली असती. मला वाटलं, तिचं झालं असेल. भोंगा वाजवला. वाट बघितली. पुन्हा वाजवला, बोट काढलंच नाही. वाटलं, आता नक्की वर आली असेल. आणि बटण दाबलं." तो स्वतःच्या बोटाकडे बघत होता. "मी वर गेलो तेव्हा दोरीचं टोक पाण्यापासून दोन पुरुष उंच लटकत होतं, मावशी."

मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो काढून घ्यावा असं तिला एकदाही वाटलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"दोरी का नेलीस?"

"आमच्या यंत्रघराचीच होती, नारिंगी. बघणाऱ्याला लगेच कळलं असतं की आतून कुणीतरी दिली. तेवढंच डोक्यात होतं. बादलीकडे मी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा कळलं की दोरी गेल्यामुळे ताई..." बहिणीला तो ताई म्हणायचा. "ताई चोर ठरली. मला तिला लबाड ठरवायचं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"बोलणार होतो. रोज सकाळी उठून ठरवायचो. पण आईला आता मी एकटाच उरलोय. मी तुरुंगात गेलो तर तिच्याजवळ कोण राहणार?"

दारात कपबशी वाजली. दोघांनी वर पाहिलं. ताई चहा घेऊन उभी होती, आणि ती आत्ता आलेली नव्हती.

६

ताईने चहा खाली ठेवला. धाकट्याने तिचे पाय धरायला हात पुढे केले, तशी ती एक पाऊल मागे सरली.

"ती हाका मारत होती का?" तिने विचारलं.

"यंत्रघर डोंगराच्या पोटात आहे, आई. तिथे काहीच ऐकू येत नाही."

"मारल्या असतील," ताई म्हणाली. "तिचा आवाज मोठा होता." आणि ती खाली बसली.

मग मावशीने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तिने सौदा मांडला. "ताई, ऐक. ओरखडे आहेत, माशांची मापं आहेत. सरांना मी सुनावणीत उभं करते. तेवढ्यावर पोरगी खरी ठरेल. दोरीचं नाव काढायची गरज नाही. मी आता नोकरीत नाही. मला काही सापडलं नाही, असं मी म्हणू शकते."

"आणि कुणी विचारलं की ओढायला दोरी होती तर गेली कुठे?"

कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार होता. सरांना तर तो म्हणणार, काल एक सही, आज दुसरं बोलणं, तुमचं खरं कोणतं? शेवाळाच्या चार रेघांवर एक प्रकल्प थांबत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"दोरी कुठे आहे?" ताईने मुलाला विचारलं.

"कपाटात. टाकवली नाही."

गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती काही केल्या सुरू होत नव्हती. "मी हिला सांगितलं होतं, तेवढंच शोध, बाकी काही नको," ताई शेवटी म्हणाली. "आईचं मन असं अर्ध्यावर थांबत नाही रे. टिटवी खोटी ठरून गेली, आणि मी तुला वाढून घालू? घास उतरेल का तुझ्या तरी? उद्या तू उभा राहायचंस. सगळं सांगायचंस."

"मला नेतील, आई."

"हो," ताई म्हणाली, आणि मगच तिने त्याला जवळ ओढलं. दोघं असे रडले की मावशी उठून गॅलरीत गेली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. मोठ्या साहेबांनी प्रतिकृती आणून मांडली होती. आधी सर उभे राहिले, मासे ओळीने मांडून दाखवले आणि माझा अहवाल चुकीचा होता असं स्वच्छ सांगितलं. कंपनीच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे दोरीचा प्रश्न काढला. तेव्हा मागच्या रांगेतून धाकटा उठला. हातात नारिंगी दोरी होती. अध्यक्षांनी विचारलं, आपण कोण? तो म्हणाला, मी यंत्र चालवतो, आणि मी तिचा भाऊ. मग त्याने सगळं सांगितलं, किल्लीपासून बटणापर्यंत. मोठे साहेब खाली मान घालून बसले होते. नकाशावरच्या शिड्या तळ्यावर का नाहीत, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या टप्प्याला स्थगिती मिळाली. संगमात ठिपकीचा शोध पूर्ण होईपर्यंत शेजारच्या नदीला कुणी हात लावायचा नाही. टिटवी जिंकली होती. बाहेर लोक तिच्या नावाने घोषणा देत होते, आणि मागच्या दाराने धाकट्याला पोलिसांच्या गाडीत बसवत होते. ताई घोषणांकडे गेली नाही. ती गाडी वळेपर्यंत मागच्या दारात उभी राहिली.

संध्याकाळी मावशीने बॅग भरली नव्हती. तिला वाटलं होतं की आता महिना-दोन महिने इथेच राहावं, ताईला एकटं सोडू नये. ताईने स्वतः तिची बॅग कपाटावरून काढली.

"तू आता जा," ती म्हणाली. "आणि काही दिवस येऊ नकोस. तू माझ्यासाठी केलंस, मला कळतं. पण तुला बघितलं की मला दोघंही दिसतात."

मावशीने पुष्कळ गुन्हेगारांच्या आयांचे शिव्याशाप ऐकले होते, एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडले होते. हे मात्र तिला सोडता येईना. तिने साड्या भरल्या, गोळ्यांची डबी भरली, चप्पल घातली.

ताई थांब्यावर सोडायला आली. नको म्हटलं तरी आली, वाटभर बॅगही तिनेच धरली. बाकावर दोघी शेजारी बसल्या. एकमेकींच्या अंगाला अंग लागत होतं, दोघींपैकी कुणीच सरकलं नाही. बस आली. मावशी चढून खिडकीत बसली, तशी ताईने बॅग वर दिली आणि खिडकीची दांडी धरून उभी राहिली.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली.

बस घाट उतरून खालच्या तळ्याच्या काठाने गेली. पंप सुरू झाले होते, पाणी हळूहळू काठ सोडत होतं. मावशीने तिकडे पाहिलं नाही, डोळ्यांना पदर लावून बसली. घरी पोचल्यावर तिने दिवासुद्धा लावला नाही, आधी फोन लावला. पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

"पोचले," मावशी म्हणाली.

पलीकडे ताई रडत होती. तिने फोन ठेवला नाही, आणि मावशीनेही ठेवला नाही.